सोनोरन वाळवंटातून बफेलग्रास कसे काढावे: तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

ॲरिझोनाच्या दक्षिण भागात स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे हिवाळ्यातील श्रमदानात बफेलग्रास उपटायला जातात किंवा आपल्याच घरामागच्या उतारावर वाढलेले हे गवत काढायला घेतात. मेहनत मनापासून केलेली असते, तरी पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी गवत पूर्वीपेक्षा दाट उभे राहिलेले दिसते. बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम चुकलेला असतो. तुरे आधी गोळा न करताच झुपका ओढला जातो, पाती हातात येतात आणि गड्डा, म्हणजे फुटव्यांचा कठीण, गाठीसारखा तळ, जमिनीतच राहतो, वाळलेल्या गवतावर तणनाशक मारले जाते, किंवा एकदा जागा मोकळी दिसली की तिच्याकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. हा लेख या चुका टाळून काम कसे पूर्ण करावे एवढ्यापुरताच आहे.

एक गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे. ॲरिझोनात ज्याला बफेलग्रास म्हणतात ते आपल्याकडचे अंजन गवत, सेंक्रस सिलियारिस. महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात ते चांगला चारा म्हणून मुद्दाम पेरले जाते आणि तिथल्या माळरानांवर ते उपरे नाही. त्यामुळे पुढील कोणतीही सूचना महाराष्ट्रातील कुरणांना लागू करू नये. ॲरिझोना राज्याने मात्र 2005 मध्ये या गवताचा समावेश उपद्रवी तणांच्या अधिकृत यादीत केला, आणि त्यामागचे कारण समजले तरच पुढील क्रमाचा अर्थ लागतो.

सोनोरन वाळवंटात सवारो निवडुंग, पालो वर्दे, ओकोतियो आणि लहान झुडपे एकमेकांपासून अंतर राखून वाढतात आणि त्यांच्यामधली जमीन बरीचशी उघडी असते. वीज पडून एखादे झाड पेटले तरी आग या उघड्या जमिनीमुळे दूरवर जात नाही, म्हणून इथल्या वनस्पतींमध्ये आगीतून सावरण्याची क्षमता फारशी विकसित झालेली नाही. बफेलग्रास नेमकी हीच मोकळी जागा भरून काढते, वर्षातील बराच काळ वाळलेले उभे राहते आणि एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत आग पोहोचवते. आग विझल्यानंतर त्याचे गड्डे पुन्हा फुटतात, पण सवारो तसा फुटत नाही. त्याला पहिली फांदी यायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. जून 2020 मध्ये दक्षिण ॲरिझोनातील टूसॉन शहराजवळच्या सांता कातालिना डोंगरांत विजेमुळे लागलेली बिगहॉर्न आग सुमारे 1,20,000 एकरांवर पसरली आणि पायथ्याकडच्या सवारोंच्या उतारांपर्यंत पोहोचली. आग लागली नाही तरीही दाट बफेलग्रास वरच्या थरातील ओलावा शोषून घेते आणि सवारोच्या रोपांना जम बसवू देत नाही.

म्हणून या कामाचे उद्दिष्ट नेमके आहे: गड्डा जमिनीबाहेर काढणे किंवा जागेवर मारणे, नवे बी जमिनीत पडू न देणे, आणि आधी पडलेले बी संपेपर्यंत त्या जागेवर लक्ष ठेवणे.

टप्पा 1: ओळख पक्की करणे

घाईत काम सुरू करणाऱ्यांकडून सर्वांत मोठे नुकसान याच टप्प्यावर होते, कारण सोनोरन वाळवंटाची स्वतःची गवतेही याच उतारांवर वाढतात आणि दुरून ती सारखीच दिसतात.

बफेलग्रास बहुवर्षायू असून झुपक्याने वाढते. पूर्ण वाढलेला झुपका कमरेएवढा किंवा त्याहून थोडा उंच होतो आणि जुना झाल्यावर एखाद्या झुडपासारखा वाटतो, कारण त्याच्या काड्यांना पेऱ्यांपाशी फांद्या फुटतात. वाळलेल्या करड्या काडीच्या मधल्या पेऱ्यातून हिरवी पालवी निघालेली दिसली तर संशय बळावतो. तुरे साधारण बोटाएवढे लांब, केसाळ आणि दंडगोल असतात. कोवळे असताना त्यांत जांभळट छटा असते आणि पिकल्यावर ते तपकिरी होऊन शेवटी पेंढ्याच्या रंगाचे होतात.

खात्रीची कसोटी हाताने करावी. पिकलेला तुरा चिमटीत धरून खालून वर ओढला की मऊ केसांनी वेढलेली बोंडे अख्खी निघून हातात येतात आणि मागे उरलेल्या दांडीवर बोट फिरवले तर ती काचकागदासारखी खरखरीत लागते.

आता गल्लत होणारी गवते पाहू. प्लेन्स ब्रिसल ग्रास हे स्थानिक गवत आहे. त्याचे दाणे गळाले तरी केस दांडीवरच राहतात, तर बफेलग्रासमध्ये केस बोंडासकट गळतात. ॲरिझोना कॉटनटॉप हेही स्थानिक असून त्याच्या तुऱ्यावर पांढरे रेशमी केस असतात. टँगलहेड म्हणजे आपल्या डोंगरउतारांवरचे कुसळी गवत, आणि ते सोनोरन वाळवंटातही स्थानिकच आहे. एकमेकांत गुंतलेल्या लांब, गडद, पिळदार कुसळांवरून मराठी माणसाला ते सहज ओळखता येते, तरीही वाळलेल्या अवस्थेत ते चुकून उपटले जाते. फाउंटन ग्रास मात्र बफेलग्रासचेच नातलग आणि तितकेच उपरे आहे. त्याचे तुरे बरेच लांब, पिसासारखे आणि वाकलेले असतात. शोभेसाठी लावलेले हे गवत अंगणातून ओढ्यात उतरते, म्हणून तेही काढावे.

तपासणी: तुरा नसलेल्या रोपाबद्दल शंका असेल तर ते उपटू नये. जागा टिपून ठेवावी, पाने, पेरे आणि बुंधा यांची जवळून छायाचित्रे घ्यावीत आणि पावसानंतर तुरा आल्यावर निर्णय घ्यावा. स्थानिक गवताचा एक जुना झुपका गेला की त्याची रिकामी जागा सर्वांत आधी बफेलग्रासच घेते.

टप्पा 2: जमीन कोणाची आहे ते पाहणे

सवारो राष्ट्रीय उद्यानात, टूसॉन माउंटन पार्कमध्ये किंवा कोणत्याही सार्वजनिक जमिनीवर स्वतःच्या मनाने एक काडीही उपटू नये, मग ती उपद्रवी तणाची का असेना. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय वनस्पती काढणे बेकायदेशीर आहे. शिवाय तिथल्या पथकांनी कोणत्या पट्ट्यावर फवारणी केली आहे, कुठे नोंदी चालू आहेत आणि कुठे पुरातत्त्वीय अवशेष आहेत याची माहिती बाहेरच्या माणसाला नसते. या ठिकाणी काम करायचे असेल तर अधिकृत स्वयंसेवक गटातून जावे. जानेवारी-फेब्रुवारीत टूसॉन परिसरात यासाठी मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक श्रमदान होते आणि नवख्यांना सोबत घेऊन शिकवले जाते.

स्वतःच्या आवारात काम करायला परवानगी लागत नाही, पण घरामागचा उतार नेहमी आपल्याच मालकीचा असतो असे नाही. बऱ्याच वसाहतींत तो रहिवासी संघाचा किंवा काउंटीचा असतो. हद्दीचा नकाशा आधी पाहावा. शेजाऱ्याशीही याच वेळी बोलून घ्यावे, कारण कुंपणापलीकडे बी धरलेले झुपके उभे असतील तर अलीकडचे काम कधीच संपणार नाही.

टप्पा 3: पाहणी आणि प्राधान्यक्रम

पहार हातात घेण्याआधी एक संपूर्ण फेरी केवळ पाहण्यासाठी मारावी. बफेलग्रास दक्षिणेकडे तोंड असलेल्या उबदार, खडकाळ उतारांवर, रस्त्यांच्या कडांना, ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत आणि बांधकामासाठी उकरलेल्या जमिनीवर प्रथम सापडते. कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही, म्हणून उंचावरच्या थंड भागात ते विरळ होत जाते. हिवाळ्यात टूमामॉक टेकडीकडे किंवा टूसॉन डोंगरांकडे रस्त्यावरून पाहिले तरी पेंढ्याच्या रंगाचे सलग डाग नजरेत भरतात. डोळ्याला हा रंग ओळखण्याची सवय झाली की पाहणीचे निम्मे काम सोपे होते.

प्रत्येक डागाच्या चार गोष्टी नोंदवाव्यात: फोनवरील अचूक स्थान, झुपक्यांची अंदाजे संख्या, तुरे आहेत की नाहीत, आणि उताराची दिशा. आयनॅचरलिस्ट किंवा ईडीडीमॅप्स यांसारख्या ॲपवर नोंद केली तर ती इतरांच्याही उपयोगी पडते.

यानंतर क्रम ठरवायचा असतो, आणि इथे बहुतेकांची स्वाभाविक इच्छा त्यांना चुकीच्या दिशेने नेते. सर्वांत मोठा, सर्वांत दाट पट्टा समोर दिसतो आणि आधी त्याच्यावर तुटून पडावेसे वाटते. प्रत्यक्षात दूरवर विखुरलेले, पाच-दहा झुपक्यांचे नवे डाग आधी संपवावेत. मोठ्या पट्ट्याचे बी पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीत साठलेले असते आणि तो एका हंगामात संपत नाही; लहान डाग मात्र एका सकाळी निघतो आणि पुढच्या काही वर्षांत स्वतः मोठा पट्टा होण्यापासून अडवला जातो. म्हणजे आधी दूरचे एकटे झुपके, मग लहान डाग, मग मोठ्या पट्ट्याची कड, आणि शेवटी त्याचा गाभा.

दुसरा नियम उताराचा आहे. वारा, पावसाचे पाणी आणि चालणाऱ्यांचे पाय बी बहुधा खाली नेतात, म्हणून एकाच उतारावर काम करताना वरून खाली यावे आणि ओढ्यात काम करताना प्रवाहाच्या वरच्या टोकापासून सुरुवात करावी. उलट क्रमाने केलेल्या कामावर पहिल्याच जोराच्या सरीत वरचे बी येऊन पडते.

एखाद्या मोठ्या, पोक्त सवारोच्या बुंध्याशी किंवा पालो वर्देखाली वाढणाऱ्या सवारो रोपांजवळ दाट झुपके असतील तर या क्रमाला अपवाद करून ते आधी काढावेत. तिथली काही मीटरची मोकळी जागा आग आलीच तर त्या झाडाला वाचवू शकते.

टप्पा 4: हंगाम निवडणे

दक्षिण ॲरिझोनाचा पावसाळा हवामान खात्याच्या गणनेनुसार 15 जून ते 30 सप्टेंबर असतो आणि हिवाळ्यातही काही सरी येतात. उपटण्याचे काम आणि फवारणीचे काम यांच्या वेळा या पावसाशी बांधलेल्या आहेत, आणि त्या दोन्ही एकमेकांपासून वेगळ्या आहेत.

उपटणे वर्षभर करता येते, पण जमीन ओली असताना गड्डा अख्खा निघतो आणि कोरड्या, कडक जमिनीत तो तुटतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च या काळात, पाऊस होऊन गेल्यानंतरच्या काही दिवसांत हे काम घ्यावे. ऊन सुसह्य असते, साप कमी हालचाल करतात आणि पेंढ्याच्या रंगामुळे झुपके दुरून दिसतात. जून-जुलैत पारा चाळीस अंशांच्या वर असताना उतारावर खोदकाम करणे जिवावर बेतू शकते.

फवारणी मात्र केवळ गवत हिरवे आणि वाढते असतानाच लागू पडते, म्हणजे व्यवहारात पावसाळ्यातील काही आठवडेच. ही मुदत दर वर्षी वेगळी असते आणि पाऊस लांबला तर ती येतही नाही.

टप्पा 5: साहित्य आणि सुरक्षितता

खडकाळ उतारासाठी साधारण पाच फुटी पहार हे सर्वांत उपयोगी हत्यार आहे. लहान रोपांसाठी टोकदार हातोडी किंवा छोटी कुदळ पुरते. फावडे खडकात चालत नाही. जाड चामड्याचे हातमोजे, लांब बाह्या, घोट्याच्या वर येणारे बूट, बांधकामाचा राडारोडा भरण्याच्या जाड पिशव्या आणि माणशी तीन ते चार लिटर पाणी सोबत असावे. पायमोजे गुळगुळीत कापडाचे घ्यावेत, कारण लोकरी मोज्यांना बोंडे चिकटून पुढच्या जागी जातात. एक साधा कंगवाही ठेवावा; चोया निवडुंगाचा तुकडा अंगाला चिकटला तर तो हाताने न ओढता कंगव्याने झटकून काढतात.

इशारा: या भागातील मातीत व्हॅली फीवर या फुप्फुसांच्या आजाराची बुरशी असते आणि खोदताना उडणाऱ्या धुळीतून ती श्वासात जाते. कोरड्या जमिनीत काम करताना एन-95 मास्क लावावा, वाऱ्याच्या दिवशी खोदकाम टाळावे, आणि गरोदर स्त्रिया तसेच प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी खोदण्याऐवजी नोंदी किंवा पाहणीचे काम घ्यावे. कामानंतर काही आठवड्यांत ताप, खोकला आणि खूप थकवा जाणवला तर आपण माती खोदली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नाहीतर साधा फ्लू समजून उपचार होण्याची शक्यता असते.

इशारा: झुपक्यात थेट हात घालू नये. प्रथम पहारीने झुपका हलवावा, दोन पावले मागे उभे राहून थांबावे, मगच जवळ जावे. रॅटलस्नेक आणि विंचू यांना या दाट सावलीत आसरा मिळतो. वाळवंटी कासव दिसले तर त्याला उचलू नये. घाबरून ते शरीरात साठवलेले पाणी सोडून देते आणि कोरड्या काळात ते त्याच्या जिवावर येऊ शकते.

टप्पा 6: उपटण्याची कृती

1. प्रथम तुरे गोळा करावेत. झुपक्याला धक्का देण्याआधी पिशवीचे तोंड तुऱ्यांखाली धरून तुरे आत वाकवावेत आणि तिथेच कापावेत. पिकलेली बोंडे नुसत्या स्पर्शाने गळतात, म्हणून आधी झुपका ओढून नंतर तुरे वेचणे म्हणजे आपल्याच हाताने पेरणी करणे होय.

2. वाळकी पाती बाजूला सारून बुंधा उघडा करावा. जुन्या झुपक्यात मध्यभाग मेलेला आणि कडेला जिवंत फुटवे असे अनेकदा असते, त्यामुळे गड्ड्याचा घेर नजरेस पडल्याशिवाय पहार कुठे रोवायची हे ठरवता येत नाही.

3. पहारीचे टोक गड्ड्याच्या उताराकडील वरच्या बाजूला, बुंध्यापासून चार बोटे अंतरावर तिरके घालावे. गड्ड्याच्या मध्यावर घाव घालू नये. तो फुटतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा शोधावा लागतो.

4. पहार दाबून गड्डा उचकटावा, गरज पडल्यास दोन-तीन बाजूंनी. तो सैल झाला की बुंध्याशी दोन्ही हातांनी धरून वर ओढावा. केवळ पाती धरून ओढल्यास ती तुटतात.

5. निघालेला गड्डा उलटा करून पाहावा. सर्व फुटव्यांचे तळ एकत्र जोडलेले आणि त्यांच्याखाली मुळांचा पसारा दिसला तर काम पूर्ण झाले. खोल गेलेली बारीक मुळे तुटून राहिली तरी चिंता नाही, पण फुटव्यांचा कठीण, गाठीसारखा भाग जमिनीत उरला असेल तर तो तिथून पुन्हा वाढतो.

6. मुळांची माती त्याच खड्ड्यात हलकेच झटकावी, खड्डा भरून पायाने दाबावा आणि हललेले दगड पूर्ववत ठेवावेत. सैल, उघडी माती बियांना रुजायला सर्वांत सोयीची असते आणि हीच पायरी घाईत सर्वाधिक वेळा वगळली जाते.

दोन दगडांच्या फटीत रुजलेल्या झुपक्यासाठी घाई करू नये. दगड हलवता येत असेल तर आधी तो हलवावा. तो निवडुंगाच्या मुळांना धरून असेल तर त्याला हात लावू नये आणि त्या झुपक्याचे फक्त तुरे काढून तो फवारणीच्या यादीत टाकावा. सवारोची बरीचशी मुळे जमिनीच्या अगदी वरच्या थरात आणि बुंध्यापासून दूरवर पसरलेली असतात. त्याच्याजवळ पहार खोल न घालता छोट्या कुदळीने हळूहळू माती सैल करावी.

इशारा: गवत कापण्याचे यंत्र वापरू नये. कापलेला गड्डा पहिल्या पावसात पुन्हा फुटतो, यंत्राच्या झोतात बी चहूकडे उडते आणि दगडावर घासलेल्या धातूच्या पात्याची एक ठिणगी उन्हाळ्यात संपूर्ण उतार पेटवू शकते. जाळून जागा साफ करण्याचा विचारही करू नये, कारण आगीनंतर सर्वांत आधी परत येणारी वनस्पती हीच असते.

टप्पा 7: काढलेल्या गवताची विल्हेवाट

तुऱ्यांच्या पिशव्या गच्च बांधून थेट कचरा डेपोत जाणाऱ्या डब्यात टाकाव्यात. बागेच्या हिरव्या कचऱ्यात किंवा कंपोस्टमध्ये त्या कधीही टाकू नयेत. घरगुती कंपोस्टमधील उष्णता सर्व बी मारण्याइतकी पोहोचेलच असे नसते आणि तेच खत पुढे कोणाच्या तरी अंगणात पडते.

तुरे काढलेले गड्डे तिथेच ठेवता येतात, पण मुळे वर करून आणि शक्यतो खडकावर. मुळे मातीला टेकलेली राहिली आणि पाऊस आला तर गड्डा पुन्हा जम धरतो. दूरच्या उतारावरून पिशव्या खाली आणणे शक्य नसते तेव्हा अनुभवी गट सर्व गवत एकाच जागी रचतात आणि त्या ढिगाचे स्थान नोंदवतात. पुढच्या पावसात रोपे मुख्यतः त्या ढिगाभोवती उगवतात आणि एका जागी उपटता येतात. ही पद्धत चांगली आहे, परंतु ढिगाकडे परत येण्याची पक्की जबाबदारी कोणीतरी घेतली असेल तरच ती अवलंबावी, आणि ढीग कोणत्याही झाडाखाली किंवा निवडुंगाजवळ रचू नये.

तपासणी: जागा सोडण्यापूर्वी बुटांचे तळवे, नाड्या, मोजे, बॅगचे पट्टे आणि सोबत असल्यास कुत्र्याचे केस तपासावेत. सापडलेली बोंडे पिशवीत टाकावीत, जमिनीवर नव्हे.

टप्पा 8: फवारणी, आणि ती कोणी करू नये

मोठ्या पट्ट्यांवर केवळ उपटून भागत नाही हे मान्य करावे लागते. तिथे प्रशिक्षित पथके ग्लायफोसेट हे तणनाशक वापरतात. सार्वजनिक जमिनीवर स्वयंसेवकाने परवाना आणि देखरेख यांशिवाय फवारणी करू नये. स्वतःच्या आवारात करायची असल्यास डब्यावरील लेबल हाच नियम मानावा, कारण बाजारातील प्रत्येक उत्पादनाची तीव्रता वेगळी असते आणि एका डब्याचे प्रमाण दुसऱ्याला लावले की एकतर औषध वाया जाते किंवा जमीन आणि शेजारची झाडे भोगतात.

वेळेचा नियम साधा आहे: झुपक्याची निम्म्याहून अधिक पाने हिरवी असतील तरच फवारावे, आणि जितकी हिरवी तितके चांगले. ग्लायफोसेट हिरव्या पानातून शिरून वाढीच्या प्रवाहाबरोबर मुळापर्यंत जाते. वाळलेल्या किंवा उन्हाने वळलेल्या पानांवर ते मारणे निष्फळ ठरते. चांगल्या पावसानंतर सुमारे दोन आठवड्यांनी पाहणी करावी. वारा शांत असावा, पुढील काही तासांत पाऊस नसावा, आणि पाने ओली होतील पण थेंब खाली गळणार नाहीत इतकेच औषध पडावे. फवारलेले झुपके ओळखण्यासाठी द्रावणात रंग मिसळण्याची पद्धत आहे आणि ती पाळावी, नाहीतर काही झुपके दोनदा फवारले जातात आणि काही राहून जातात.

पालो वर्देची साल हिरवी असते आणि ती पानांप्रमाणेच अन्न तयार करते. सवारोची कायाही तशीच. त्यामुळे या झाडांच्या केवळ पानांना नव्हे तर खोडालाही औषधाचा शिंतोडा लागता कामा नये. मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा धरावा, आणि रोप खूपच जवळ असेल तर फवारणी सोडून तो झुपका हातानेच काढावा.

फवारल्यानंतर लगेच उपटण्याची घाई करू नये. औषधाला मुळापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि पिवळेपणा दिसायला काही आठवडे जातात. मेलेले गवत पुढे बराच काळ उभेच राहते आणि तोपर्यंत ते पेटू शकते, म्हणून घराजवळचे आणि सवारोंजवळचे मेलेले झुपके नंतर हिवाळ्यात काढून टाकावेत.

टप्पा 9: परत येणे

हा टप्पा वगळला तर आधीचे आठही टप्पे वाया जातात. जमिनीत पडलेले बी तीन-चार वर्षे जिवंत राहू शकते आणि नवे रोप पावसानंतर काही आठवड्यांतच तुरा काढते. म्हणजे परत यायला उशीर झाला तर तेवढ्यात नव्या बियांचा साठा तयार होतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

पहिली फेरी पावसाळ्यातील पहिल्या चांगल्या पावसानंतर तीन ते चार आठवड्यांनी करावी. या वेळी रोपे बोटांनी निघतात आणि एका माणसाकडून सकाळच्या थंड वेळेत बरीच जागा होते. दुसरी फेरी सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये, सुटलेली रोपे पिकण्यापूर्वी, आणि तिसरी हिवाळ्यातील पावसानंतर असावी. पहिल्या वर्षानंतर प्रत्येक पावसाळ्याच्या शेवटी किमान एक फेरी ठेवावी. प्रत्येक फेरीत जुन्या खड्ड्याच्या जागेबरोबरच तिच्या खालचा उतारही पाहावा, कारण पाण्याने वाहून नेलेले बी तिथे अडकलेले असते. दगडांच्या वरच्या कडेला आणि ओढ्याच्या वळणावर विशेष लक्ष द्यावे.

एखादा डाग संपला असे कधी मानावे याबद्दल मोठी गल्लत होते. सलग दोन वर्षे रोप दिसले नाही म्हणून नोंद बंद केली जाते, पण ती दोन वर्षे कोरडी गेली असतील तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. टूसॉनमध्ये 2020 च्या पावसाळ्यात जेमतेम 41 मिलिमीटर पाऊस झाला आणि 2021 च्या पावसाळ्यात सुमारे 325 मिलिमीटर. पहिल्या वर्षी रिकाम्या दिसणाऱ्या उतारावर दुसऱ्या वर्षी रोपे उगवली तर त्यात नवल नाही. बी तिथे होतेच, फक्त पाणी नव्हते. म्हणून नोंदवहीत प्रत्येक फेरीसमोर त्या हंगामाचा पाऊसही लिहावा आणि मोजणीत फक्त चांगल्या पावसाची वर्षे धरावीत. चांगल्या पावसाची सलग चार वर्षे एकही रोप न सापडता गेली तर तो डाग यादीतून काढावा, तिथे नेमलेली माणसे पुढच्या डागाकडे वळवावीत, आणि जुन्या जागेचे स्थान मात्र नोंदवहीत कायम ठेवावे, म्हणजे शेजारच्या उतारावर नवा झुपका दिसला तर तपासणी कुठून सुरू करायची हे नव्या माणसालाही कळेल.